पावश्या बोलला, चातक आला. पण पाऊस कधी?
पांढुर्णा-सौंसर भागातले उन्हाळी पक्षी आणि पेरणीचा प्रश्न

गुढीपाडवा होतो, सालदाराशी बोलणे होते, वखरणीसाठी ट्रॅक्टर ठरतो आणि त्याच सुमारास आपल्या वावरांमध्ये एक आवाज सुरू होतो. आधी तो पहाटेपुरता असतो. मग दुपारीही ऐकू येतो. मे महिन्यात तर अंगणात खाट टाकून झोपलेल्या माणसाला चांदण्या रात्रीसुद्धा सोडत नाही. एकच ओळ, दर वेळी थोडी वर चढत जाणारी, टोकाला पोचली की एकदम थांबणारी आणि थोड्या वेळाने पुन्हा पहिल्यापासून सुरू होणारी. मराठी बोलणाऱ्या घरातली आजी सांगते, 'पेर्ते व्हा, पेर्ते व्हा' म्हणतो आहे. शेजारच्या हिंदी बोलणाऱ्या घरात त्याच आवाजात 'पी कहाँ' ऐकू येते. इंग्रज साहेबांना त्यात 'ब्रेन फीव्हर' ऐकू आले, कारण उकाड्याने त्यांचे डोके आधीच तापलेले असे. पक्षी एकच, पावश्या.

आपला भाग दोन भाषांच्या शिवेवरचा असल्यामुळे हे सगळे अर्थ एकाच गल्लीत ऐकायला मिळतात. आणि दर उन्हाळ्यात, मंडळाच्या बैठकीत असो की लग्नाच्या पंगतीत, एक प्रश्न हमखास निघतो. पावश्या ओरडायला लागला, चातक दिसला, टिटवीने अंडी घातली. मग आता पाऊस कधी? बियाणे आणून ठेवायचे का? पहिल्या सरीवर पेरायचे का?

या प्रश्नामागे पैसा आहे. कपाशीचे बियाणे, सोयाबीनची थैली, मजुरी, बैलजोडी किंवा ट्रॅक्टरचे भाडे हे सगळे एकदा मातीत गेले आणि नंतर पाऊस दडी मारून बसला, तर दुबार पेरणीचा खर्च वर्षभर घर सावरू देत नाही. म्हणून हे पक्षी नेमके काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, ते या लेखात नीट मांडण्याचा आम्ही प्रयत्न केला आहे.

आले कोण आणि बोलू लागले कोण

आपण सरसकट म्हणतो, 'कोकीळ आला', 'पावश्या आला'. खरे तर हे दोघे कुठूनही आलेले नसतात. ते बाराही महिने आपल्याच आमराईत आणि नाल्याकाठच्या झाडांवर असतात. हिवाळ्यात ते जवळजवळ मुके असतात, म्हणून दिसत नाहीत एवढेच. दिवस मोठा होऊ लागला की त्यांच्या शरीरात बदल होतात, विणीचा हंगाम जवळ येतो आणि नर बोलू लागतात. आंब्याला मोहोर आल्यावर जो कुहू-कुहू करतो तो काळा कुळकुळीत नर, म्हणजे कोकीळ. ठिपक्याठिपक्यांची कोकिळा गात नाही, ती कर्कश 'किक्-किक्' करते आणि कावळ्याच्या घरट्यावर लक्ष ठेवून असते.

पावश्याचेही तसेच. दिसायला तो शिक्र्यासारखा असतो. पाठ राखाडी, छातीवर तपकिरी छटा आणि शेपटीवर पट्टे. उडण्याची ढबही शिक्र्याची, त्यामुळे तो झाडावर येऊन बसला की लहान पक्षी घाबरून कलकलाट करतात. मार्च-एप्रिलपासून त्याचा आवाज वाढत जातो आणि पावसाच्या तोंडावर टिपेला पोचतो. म्हणजे 'पेर्ते व्हा' हा पावसाचा निरोप घेऊन आलेल्या पाहुण्याचा आवाज नाही. तो घरच्याच पक्ष्याचा, मादीला बोलावण्याचा आवाज आहे. पाऊस लांबला तरी तो ओरडतच राहतो.

इथे आणखी एक गोंधळ होतो. हिंदीत पावश्याला पपीहा म्हणतात आणि कथा-गाण्यांत पपीहा व चातक यांची सरमिसळ झालेली आहे. थेंबासाठी तहानलेला म्हणून जो प्रसिद्ध आहे तो चातक. तो वेगळा पक्षी आहे आणि तो मात्र खरोखरच लांबून येतो.

खरे पाहुणे

खऱ्या अर्थाने उन्हाळ्यात आपल्याकडे येणाऱ्या पक्ष्यांपैकी तीन पक्षी प्रत्येकाने ओळखावेत असे आहेत.

पहिला हळद्या. हळदीसारखा पिवळाधमक, डोळ्यावरून काळी रेघ आणि पंख काळे. हिवाळ्यात यांतले बरेचसे पक्षी दक्षिणेकडे सरकतात आणि उन्हाळ्यात विणीसाठी मध्य व उत्तर भारतात परततात. आंबा, चिंच, मोह अशा मोठ्या झाडांवर तो फांदीच्या बेचक्यात झोळीसारखे घरटे बांधतो. पुष्कळदा त्याच झाडावर किंवा शेजारच्या झाडावर कोतवालाचे घरटे असते. कोतवाल कावळ्याला आणि शिक्र्यालाही हाकलून लावतो, तेव्हा शेजारी राहणाऱ्या हळद्याला आपोआप राखण मिळते.

दुसरा नवरंग. हिवाळा तो दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत काढतो. मे-जूनमध्ये मध्य भारतातल्या आणि हिमालयाच्या पायथ्याच्या जंगलांत विणीला येतो. पेंचच्या जंगलात आणि आपल्याकडे सिल्लेवानी घाटासारख्या सागवनात, ओढ्याकाठच्या दाट सावलीत त्याला शोधावे. पाठ हिरवी, पंखावर निळा चमकता पट्टा, पोट फिकट बदामी, शेपटीखाली लाल, डोळ्यावरून काळा पट्टा आणि त्यावर पांढरी भुवई. एवढे रंग असूनही तो चटकन दिसत नाही, कारण बहुतेक वेळ जमिनीवर पाचोळा उलटून किडे खाण्यात गुंतलेला असतो. ओळखायची सोपी खूण म्हणजे त्याची शीळ. दोन सुरांची, स्वच्छ, सकाळी आणि तिन्हीसांजेला. तमिळ भाषेत त्याला 'सहा वाजताचा पक्षी' अशा अर्थाचे नाव आहे. हा रात्री प्रवास करतो. कधी दमून, कधी दिव्यांनी भांबावून एखाद्या घरात शिरतो किंवा भिंतीवर आपटून पडतो. असा पक्षी सापडला तर त्याला पाणी पाजू नका, हाताळत बसू नका. भोके पाडलेल्या खोक्यात, अंधारात आणि शांत जागी तासभर ठेवा, मग झाडीजवळ सोडा. पंख मोडलेला वाटला तर वनविभागाला कळवा.

तिसरा चातक. तोच आपल्या प्रश्नाच्या मुळाशी आहे.

समुद्र ओलांडून येणारा चातक

चातक मैनेपेक्षा थोडा मोठा, शेपटी लांब. वरून काळा, खालून पांढरा, डोक्यावर मागे वळलेला तुरा आणि उडताना पंखावर दिसणारा पांढरा ठिपका. तारेवर किंवा बाभळीच्या शेंड्यावर बसून 'पिऊ, पिऊ, पी-पी-पिऊ' असे ओरडतो. दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत चातकांची एक जात वर्षभर राहते. मध्य आणि उत्तर भारतात दिसणारे चातक मात्र पावसाळ्यापुरते येतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत परत जातात. त्यांचे हिवाळ्यातले घर आफ्रिकेत असते.

मे-जूनमध्ये सोमालियाच्या किनाऱ्यावरून अरबी समुद्रावर आणि पुढे भारताकडे जोरदार नैऋत्य वारे वाहू लागतात. हेच वारे मान्सूनची अरबी समुद्रातली शाखा घेऊन येतात. पाठीमागून वारा मिळाला तर दोन-अडीच हजार किलोमीटरचा समुद्र ओलांडणे छोट्या पक्ष्यालाही जमते. वाटेत उतरायला जमीन नसते, म्हणून वारा नसता तर हा प्रवास जिवावर बेतला असता.

ही नुसती कल्पना उरलेली नाही. २०२० च्या पावसाळ्यात देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या अभ्यासकांनी दोन चातकांच्या पाठीवर अगदी हलकी उपग्रह-यंत्रे बसवली आणि त्यांना नावे दिली 'मेघ' आणि 'चातक'. त्याआधी २०१९ मध्ये मंगोलियात असेच यंत्र बसवलेला 'ओनोन' नावाचा एक पक्षी, कोकिळेच्याच कुळातला, हिवाळ्यासाठी आफ्रिकेत झांबियापर्यंत गेला. मे २०२० मध्ये अरबी समुद्र ओलांडून तो भारतात उतरला आणि पुढे मंगोलियात आपल्या जागी परतला. मुठीत मावेल एवढ्या देहाचा हा प्रवास लोकांनी नकाशावर रोज पाहिला.

पण चातक इतक्या लांब येतोच कशाला? थेंबासाठी नव्हे, अळ्यांसाठी. पाऊस पडला की पाने फुटतात, पानांवर केसाळ सुरवंट येतात. बहुतेक पक्षी या केसाळ अळ्यांना तोंड लावत नाहीत, पण चातक आणि पावश्या त्या आवडीने खातात. या रसरशीत अळ्यांतूनच त्यांना पुष्कळ पाणी मिळते. म्हणून चातक तळ्यावर पाणी पिताना क्वचितच दिसतो. कदाचित त्यावरूनच तो फक्त पावसाचा थेंब पितो ही गोष्ट रूढ झाली असावी.

दुसरे कारण सातभाई. मातकट रंगाचे, सहा-आठच्या टोळीने जमिनीवर उड्या मारत कलकल करणारे हे पक्षी प्रत्येक धुऱ्यावर असतात. आपण त्यांना भाऊ म्हणतो, इंग्रजीत त्यांनाच 'सात बहिणी' म्हणतात. चातक स्वतः घरटे बांधत नाही. नर सातभाईंना आपल्या मागे लावतो आणि तेवढ्यात मादी त्यांच्या घरट्यात अंडे घालून जाते. सातभाईचे अंडे निळे, चातकाचेही निळे. पावश्याही हाच उद्योग करतो. पुढे ऑगस्टमध्ये आपल्या बागेत सातभाई त्यांच्याहून मोठ्या, सतत तोंड वासणाऱ्या पिलाला भरवताना दिसले, तर ते पिलू कुणाचे हे आता लक्षात येईल.

रामगिरीवरचा चातक

चातकाची आठवण आपल्या भागात फार जुनी आहे. कालिदासाच्या 'मेघदूता'तला यक्ष रामगिरीवर राहतो. हा रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले. आपल्याकडून सकाळी निघून संध्याकाळी परत यावे एवढ्या अंतरावरची ही टेकडी. आषाढाच्या पहिल्या दिवशी यक्ष मेघाला वाट सांगतो तेव्हा शुभशकुन म्हणून चातकाच्या गोड आवाजाचा उल्लेख येतो, बलाकांच्या रांगा येतात, कैलासापर्यंत सोबत करणारे राजहंसही येतात.

कालिदासाचा चातक कालगणनेत अचूक बसतो. आषाढ लागताना तो आपल्याकडे पोचलेलाच असतो. राजहंसांच्या बाबतीत मात्र कवीने सवलत घेतली आहे. राजहंस म्हणजे डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकदंब, असे धरले तर हे हंस हिवाळ्यात विदर्भातल्या तलावांवर उतरतात आणि मार्च-एप्रिलमध्येच हिमालय ओलांडून तिबेट-मंगोलियाकडे निघून जातात. आषाढातल्या मेघाला त्यांची सोबत मिळणे कठीण. कवितेत ते शोभते. शेतकऱ्याला मात्र कोण कधी आला आणि कोण कधी गेला, हे नेमके माहीत असलेले बरे.

चातक दिसला, मग पेरायचे का?

आपल्या भागात चातक साधारण मेअखेरपासून जूनच्या मध्यापर्यंत दिसू लागतो. नैऋत्य मान्सून केरळात सरासरी १ जूनला पोचतो आणि विदर्भ-सातपुड्यात जूनच्या मध्याच्या सुमारास. म्हणजे चातक आणि मान्सून यांच्या तारखा जवळ जवळ येतात हे खरे. आपल्या पूर्वजांनी ही गाठ ओळखली, त्यात काही चूक नव्हती.

अडचण पुढे आहे. चातक येतो अरबी समुद्रावरच्या वाऱ्यावर. त्याच्या येण्यावरून एवढेच कळते की वारे फिरले आहेत. आपल्याकडे पेरणीला लागणारा भरवशाचा पाऊस मात्र बऱ्याच अंशी बंगालच्या उपसागरात तयार होणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांमुळे पडतो. ती क्षेत्रे ओडिशा-छत्तीसगडवरून पश्चिमेकडे सरकली की नागपूर, छिंदवाडा, बैतुल या पट्ट्यात झड लागते. ती केव्हा तयार होतील, कुठून सरकतील, याची खबर आफ्रिकेहून निघालेल्या पक्ष्याला असण्याचे कारण नाही.

२००९ चे वर्ष अनेकांना आठवत असेल. त्या वर्षी मान्सून २३ मे रोजीच, म्हणजे आठवडाभर आधी केरळात पोचला होता. सगळ्यांना वाटले, यंदा लवकर पेरणी. पण जून कोरडा गेला आणि हंगामाअखेर देशाचा पाऊस सरासरीच्या ७८ टक्केच भरला. लवकर आगमन आणि भरपूर पाऊस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या वर्षाने शिकवले.

आमच्यापैकी एका घरचा अनुभवही असाच आहे. मृग लागला, दोन चांगल्या सरी झाल्या, विहिरीजवळच्या बाभळीवर चातकाची जोडी दिसली. घरातल्या थोरल्यांनी तिफण काढायला सांगितले, धाकट्याने थांबू म्हटले, थोरल्यांचे चालले. चार दिवसांत सोयाबीन उगवून आले आणि पुढचे पंधरा दिवस आभाळ नुसते भरून येई आणि फाटून जाई. कोवळे रोप दुपारच्या उन्हात माना टाकत गेले. शेवटी अर्ध्या वावरात पुन्हा पेरावे लागले. त्या सगळ्या दिवसांत पावश्या रोज पहाटे 'पेर्ते व्हा' म्हणतच होता. थोरले त्यावर एवढेच म्हणाले, 'त्याचं काय जातं?'

म्हणून कृषी विभागाचा सल्ला साधा आहे. साधारण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत खोलवर ओल गेल्याशिवाय कोरडवाहू पेरणी करू नका. एका एकरावर ७५ मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे ३ लाख लिटर पाणी. आपल्या काळ्या जमिनीत उन्हाळ्याच्या भेगा पडलेल्या असतात, त्या बुजून खालची माती भिजायला एवढे पाणी लागतेच. तेवढी ओल असली तर नंतर आठ-दहा दिवसांची उघडीप रोप सहन करू शकते. संत्र्याच्या मृग बहारासाठी ताण दिलेल्या बागेलाही एखादी सर पुरत नाही.

टिटवीच्या चार अंड्यांचा हिशेब

असाच एक आडाखा टिटवीचा. टिटवीने चार अंडी घातली तर चार महिने पाऊस, तीन घातली तर तीन महिने. ऐकायला छान वाटते. पण टिटवी बहुधा चारच अंडी घालते. ती तिची रीतच आहे. म्हणजे हा आडाखा जवळजवळ दर वर्षी 'चार महिने पाऊस' असेच सांगणार. एखादे अंडे मुंगसाने, कावळ्याने किंवा कुत्र्याने नेले की तीन दिसतात, आणि आपण पाऊस कमी असे म्हणून मोकळे होतो.

तरीही जुन्या माणसांचे सगळे निरीक्षण खोटे म्हणून टाकून देऊ नये. वनाधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्ली यांनी विदर्भाच्या जंगलांत आयुष्य घालवले. वनवासी लोकांकडून पशुपक्ष्यांची नावे, सवयी आणि पावसाचे संकेत त्यांनी गोळा केले आणि 'पक्षिकोशा'सारखे काम उभे केले. १८ जून २०२५ रोजी, ऐन मृगात, ते गेले. त्यांचे लेखन वाचताना जाणवते की जुन्या माणसांनी पक्षी वर्षानुवर्षे, एकाच जागी राहून पाहिले होते. त्यांच्याकडे एकच गोष्ट नव्हती, लिहून ठेवलेली वही.

वहीचे महत्त्व

जगात काही ठिकाणी ही वही नेमाने लिहिली जाते. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्याजवळ आइल ऑफ मे नावाचे लहानसे बेट आहे. तिथे १९३४ पासून पक्षी-निरीक्षण केंद्र आहे. पफिन नावाचे समुद्रपक्षी सगळा हिवाळा भर समुद्रात काढून वसंतात विणीसाठी तिथल्या बिळांमध्ये परततात. कोणता पक्षी कधी आला, किती आले, किती पिले जगली याच्या नोंदी तिथले लोक ठेवतात. समुद्रात मासळी कमी झाली की त्याचा परिणाम या नोंदींत दिसतो. आपल्या कोकणातही वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांवर सुरय आणि पाकोळ्या विणीला येतात. त्या बेटांवर जुन्या काळापासून अभ्यासक जात आले आहेत.

अशा बेटांवरच्या नोंदींना किंमत येते ती जागा एक, पक्षी तेच आणि लिहिणारे चिकाटीचे असल्यामुळे. या तिन्ही गोष्टी आपल्याकडेही आहेत. प्रत्येक घराचे वावर ठरलेले आहे, चातक दर वर्षी येतो आणि पहाटे उठणारी माणसे आपल्या घरांत भरपूर आहेत. देशभरातल्या अशा नोंदी एकत्र करण्याचा 'मायग्रंटवॉच' हा उपक्रम २००७ मध्ये सुरू झाला होता. आता लोक आपल्या नोंदी 'ई-बर्ड'वर टाकतात. मोबाइलवर ते जमत असेल तर जरूर करावे. नाही तर शंभर पानी वही पुरते.

वहीत काय लिहायचे? तारीख, गाव किंवा वावराचे नाव, पक्षी, दिसला की फक्त ऐकू आला, आणि कोणी पाहिला. पावश्या पहिल्यांदा कधी बोलला, हळद्या कधी दिसला, चातक कधी आला, सातभाईच्या घरट्यात मोठे पिलू कधी दिसले. त्या दिवशी गेलो होतो पण काही दिसले नाही, हेही लिहावे. कारण '१० जूनला पहिला चातक' या नोंदीला अर्थ तेव्हाच येतो, जेव्हा ५ जूनलाही कोणीतरी पाहायला गेले होते हे माहीत असते.

आणि शेजारच्या रकान्यात पाऊस. त्यासाठी महागडे यंत्र नको. सरळ उभ्या कडांचा, सपाट बुडाचा डबा झाडांपासून आणि भिंतीपासून दूर, मोकळ्या जागी ठेवा. तो हलणार नाही याची काळजी घ्या. हवामान खाते सकाळी साडेआठला पाऊस मोजते, आपणही तीच वेळ ठेवू. पट्टी उभी धरून डब्यात किती मिलिमीटर पाणी साचले ते पाहायचे, लिहायचे आणि डबा रिकामा करायचा. शाळेतली पोरे हे काम आपल्यापेक्षा नेमाने करतात.

पाच-सात वर्षांच्या अशा वह्या जमल्या तर आपल्या दोन तालुक्यांपुरते एक उत्तर आपल्या हातात येईल. चातक दिसल्यापासून ७५ मिलिमीटर पाऊस पूर्ण व्हायला आपल्याकडे किती दिवस लागतात? दर वर्षी तेवढेच लागतात की कधी आठ आणि कधी तीस? जाम नदीकाठच्या गावांत आणि वर घाटाकडच्या गावांत फरक पडतो का? ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याची अशी एक वही आपल्या मंडळाने सुरू करावी, असे आम्हाला वाटते.

धुऱ्यावरची झुडपे

जाता जाता एक काळजीची गोष्ट. गेल्या काही वर्षांत धुरे साफ करण्याची घाई वाढली आहे. जेसीबी आला की एका दुपारी बोर, बाभूळ, हिवर, करवंद सगळे निघून जाते. दोन तासे जमीन वाढते हे खरे, पण त्या झुडपांत सातभाईंची घरटी असतात. सातभाई गेले की चातकाला अंडे घालायला जागा उरत नाही. सातभाई, हळद्या, कोतवाल, चातक हे सगळे मिळून अळ्या आणि किडे खातात. ते काम मग फवारणीच्या पंपावर येते, आणि फवारलेल्या अळ्या खाऊन उरलेसुरले पक्षीही जातात.

एका बाजूचा धुरा तरी झुडपांसाठी राखता आला, नाल्याकाठची चार मोठी झाडे ठेवता आली, तर या पाहुण्यांची सोय होते. सावलीच्या ओढ्यावर एखादे वेळी लांब पांढऱ्या शेपटीचा दूधराज दिसेल, तो मध्य प्रदेशाचा राज्यपक्षी. वडा-पिंपळाच्या फळांवर हिरवट-पिवळ्या हरियालांचा थवा उतरेल, तो महाराष्ट्राचा. हे दोघे एकाच धुऱ्यावर पाहायला मिळणे, ही शिवेवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांची चैन आहे.

नागपूर, पुणे, भोपाळ किंवा त्याहून दूर राहणाऱ्या आपल्या कुटुंबीयांनाही यात भाग घेता येईल. उन्हाळ्याच्या सुटीत मुले गावी येतात तेव्हा त्यांना पहाटे एकदा वावरात न्या. आजोबांना विचारा, त्यांच्या लहानपणी चातक कधी येत असे, कोणत्या झाडावर बसत असे. ते सांगतील ते जुन्या आठवणी म्हणून वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि दुसऱ्या पानापासून आपल्या नोंदी सुरू करा. पावसाळा संपल्यावर, पोळा-गोटमार आटोपले की, सगळ्या वह्या मंडळात एकत्र आणू आणि ताडून पाहू.

तोवर पावश्याला म्हणू द्यावे 'पेर्ते व्हा'. त्याचे ऐकून बियाणे घरात आणून ठेवावे, तिफण दुरुस्त करून घ्यावी. पेरायचे मात्र डब्यातले पाणी मोजून.